वाऱ्याशी घासाघीस

माझं शिक्षण आठवी. नववीत नाव घातलं होतं, पण ते वर्ष काही पूर्ण झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कोणाला ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढावीशी वाटली तर सायलीला फोन करा. सायली म्हणजे आपल्या मंडळाच्या अंकाची संपादक. मी कागदावर पेनने लिहिलं आणि तिने टाइप केलं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या जेवणाला मी ताट घेऊन रांगेत उभा होतो. एकटाच. कुसुम, माझी बायको, फेब्रुवारीत गेली. लोक येत, खांद्यावर हात ठेवत, काय बोलावं ते न सुचून ‘टेक केअर काका’ म्हणत आणि भाताकडे सरकत. त्यांचाही दोष नाही, भात गरम होता. सायली एकटी थांबली.

“काका, एक विचारू? तुम्ही नक्की काय काम करायचात? बाबा म्हणतात टेलिकॉममध्ये होतात.”

“टेलिकॉममध्ये नाही गं. टेलिकॉमच्या वर. टॉवरवर चढायचो.”

“स्वतः?”

“मग काय तुझे बाबा चढायचे?”

ती हसली. तोंडावर हसली, म्हणून बरं वाटलं. मग म्हणाली, अंकासाठी लिहा ना काका, सगळे आयटीचंच लिहितात. मी म्हटलं, एक गोष्ट आहे माझ्याकडे, पण ती आधी एका बाईला सांगायची राहिली आहे. आठ वर्षं राहिली आहे. तिला सांगून झालं की लिहितो.

ऑगस्टमध्ये सांगून आलो, म्हणून आता लिहितोय.

आधी काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नागपूरकडे असताना मी हाय टेन्शन लाइनचे टॉवर उभे करणाऱ्या गँगमध्ये होतो. कुसुम नर्स. तिला इथे अमेरिकेत हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागे मी आलो, बॅग उचलायला. श्रूजबरीत घर घेतलं. पहिलं वर्ष मी घरी बसून टीव्ही बघितला. मग कुसुमनेच पेपरातली जाहिरात वाचून मला एडकडे नेलं. एडची छोटी कंपनी होती, सहा माणसं. काम एकच, रेडिओचे टॉवर उभे करायचे आणि जुने उतरवायचे. पोलीस स्टेशनचे, अग्निशमनवाल्यांचे, टॅक्सीवाल्यांचे, आणि हौशी रेडिओवाल्यांचे. हे हौशी लोक म्हणजे घरात यंत्र लावून जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारतात. शेजाऱ्याशी मारत नाहीत.

एडने माझं सर्टिफिकेट मागितलं नाही. अंगणातल्या टॉवरकडे बोट केलं आणि म्हणाला, वरचा बोल्ट काढून आण. मी पट्टा बांधला, गेलो, काढला, आणला. त्याने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, सोमवारी सकाळी सहाला ये. एवढाच माझा इंटरव्ह्यू. ज्या देशात माझ्या डिग्रीऐवजी माझा हात बघितला गेला त्या देशाबद्दल कोणी माझ्यासमोर वाईट बोललं, तर मी ऐकून घेतो, पण चहा दुसऱ्यांदा विचारत नाही.

आता टॉवर. आम्ही लावायचो तो हलका टॉवर दहा-दहा फुटांच्या तुकड्यांचा असतो. त्याला सेक्शन म्हणतात. तीन पाय, मध्ये नागमोडी सळया, एकावर एक सेक्शन ठेवायचा आणि बोल्ट मारायचे. तिन्ही बाजूंनी जमिनीला ताणाच्या तारा बांधल्या की हाच टॉवर शंभर-दीडशे फूट सुखाने जातो. पण ताण नसेल, नुसता काँक्रीटच्या पायावर स्वतःच्या पायांनी उभा राहायचा असेल, तर तोच टॉवर, तेच लोखंड, चाळीस फुटांना थांबवावा लागतो. लोकांना हे पटत नाही. म्हणतात, चार सेक्शन धरतात मग पाचवा काय पाप करतो?

पाप पाचवा करत नाही. वारा करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि डोक्यावर अँटेना असते, पसरलेल्या हातांसारखी. ती जितकी वर, तितकी बुडाला जास्त पिळते. इकडे हिवाळ्यात नळ्यांवर बर्फाचं साल चढतं, बोटाएवढी नळी मनगटाएवढी होते. वाऱ्याला धरायला आणखी जागा. टॉवर बनवणारी कंपनी हे सगळं मोजून एक कागद देते. तुमच्या भागात वारा एवढा, अँटेना एवढी, तर उंची एवढी. प्रत्येक टॉवरचा कागद वेगळा. माझे चाळीस म्हणजे तुमचे चाळीस नव्हेत. हा लेख वाचून कोणी अंगणात टॉवर लावायला निघालं तर आधी आपल्या टॉवरचा कागद बघा आणि शिक्का मारणाऱ्या इंजिनियरला विचारा. मला विचारू नका.

मला ते कागद वाचता यायचे नाहीत. कुसुम ड्यूटीवरून यायची, पाय गरम पाण्यात बुडवायची, आणि मांडीवर कागद घेऊन मला एक-एक ओळ मराठीत सांगायची. तिला लोखंडातलं काही कळत नव्हतं. पण आकडा कसा वाचायचा ते कळत होतं. औषधाचा डोस वाचायची सवय. ती म्हणायची, “जितकं लिहिलं तितकंच. कमी नाही, जास्त नाही. पेशंट कितीही ओरडला तरी.”

एक गिऱ्हाईक आठवतं. जहाजावर रेडिओ चालवून रिटायर झालेला म्हातारा, समुद्राकाठी घर. ताणाच्या तारा नकोत, बागेतल्या फुलांवर सावली पडते म्हणाला, आणि टॉवर हवा सत्तर फूट. एड त्याला समजावून थकला. मी ट्रकमधून रंगाऱ्याचा लांब दांडा काढला, टोकाला छत्री उघडून बांधली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. म्हटलं, उभा धर. मार्च महिना, समुद्रावरचा वारा. म्हातारा दोन पावलं गेला, तिसऱ्याला आपल्याच फुलांच्या वाफ्यात बसला. तिथे बसूनच म्हणाला, “फोर्टी.” त्या दिवसापासून एडने ट्रकमध्ये एक छत्री कायमची ठेवली.

श्रीकांतसमोर मात्र मी ती छत्री काढली नाही.

श्रीकांत पुण्याचा. मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, आमच्या शेजारच्या गावात घर. तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, चाळिशीचा होता. त्याने रेडिओचं लायसन्स काढलं होतं आणि त्याला पुण्याच्या जुन्या मित्राशी हवेतून बोलायचं होतं. फोनवर का नाही, हे मी विचारलं नाही. हौस ती हौस. कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. हे काम एडच्या कंपनीचं नव्हतं, माझं सुटीच्या दिवशीचं. फोनवर म्हणाला, “काका, आधी घरी जेवायला या. काकूंनाही आणा. मग बोलू कामाचं.”

आम्ही गेलो. त्याची आई पुण्याहून आली होती. तिने आम्हाला टेबलाशी बसवलं आणि कुसुमला दुसऱ्यांदा आमटी आपल्या हाताने वाढली. कुसुम ‘पुरे, पुरे’ म्हणाली तर आई म्हणाली, “घ्या हो, संकोच कसला, आपलंच घर आहे.”

आता हे लिहायला नको, पण लिहितो. माझा बाप गावात ज्या घरांच्या ओसरीवर पाय ठेवू शकला नाही, त्या घरांसारखं हे आडनाव होतं. श्रीकांतला याचं काही माहीत नव्हतं. त्याच्या आईच्याही मनात काही नव्हतं, साधी बाई होती. त्यांची काही चूक नाही. त्यांनी पाहुण्याला जेवू घातलं. चूक माझी. त्या आमटीने माझ्या तोंडातला ‘नाही’ विरघळला.

जेवण झाल्यावर श्रीकांतने लॅपटॉप उघडला.

“काका, साठ फूट. ताण नको, मुलं क्रिकेट खेळतात मागे. मी कॅल्क्युलेशन केलंय, हे बघा, स्प्रेडशीट. इट्स फाइन.”

“चाळीस,” मी म्हटलं.

“काका, चाळीसला पुणं नाही हो लागणार. झाडंच तेवढी आहेत. साठ.”

“चाळीसच. कागद आहे.”

“ते कागदवाले मार्जिन ठेवतात काका. सगळेच ठेवतात. तुम्ही इतकी वर्षं करताय, तुम्हाला माहितीये. बरं, तुमचं नाही माझं नाही, पन्नास?”

आणि मी म्हणालो, “बरं. पन्नास.”

मेथीची जुडी घ्यावी तसं. तो साठ म्हणाला, मी चाळीस म्हणालो, मध्ये पन्नासावर सौदा ठरला आणि दोघंही खूश. कोणाचाच अपमान नाही. बाजारात आपण असंच शिकलोय, दोघांनी दोन-दोन पावलं सरकायची. अमेरिकन गिऱ्हाइकाला मी तोंडावर नाही म्हणायचो, त्याला वाफ्यात बसवायचो. आपल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. शिवाय तो शिकलेला. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये रंगीत चौकोन होते. मला वाटलं, आठवीवाल्याने किती ताणावं?

नगरपालिकेची परवानगी चाळीस फुटांची घेतली होती. पाचवा सेक्शन मी त्यानंतर चढवला. हेही लिहून ठेवतो.

मे महिन्यात दोन शनिवार काम चाललं. कुसुम डबा घेऊन आली होती. मी वर असताना ती कुंपणाशी शेजारच्या बाईशी बोलत होती. त्या बाईचं नाव इथे मार्था लिहितो. ऐंशीला आलेली, एकटी राहणारी, पाय सुजलेले. कुसुमचं लक्ष माणसाच्या आधी पायांकडे जायचं. वरून मला दोघी खालच्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या. एक मुंगी दुसरीला खुर्चीत बसवून पाय बादलीवर ठेवायला सांगत होती.

परत जाताना गाडीत कुसुमने विचारलं, “किती सेक्शन लावले?”

“पाच.”

“कागदात चार होते.”

“तो साठ म्हणत होता. मी पन्नासावर आणला.”

तिने मांडीवरचा रिकामा डबा बंद केला. मग म्हणाली, “काहून? वाऱ्याशी पण घासाघीस केली काय तुम्ही?”

मी गाडीचा आरसा नीट करू लागलो.

“जेवण चांगलं होतं,” ती म्हणाली. “पण ते त्या कागदात कुठे बसते?”

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. जून गेला, जुलै गेला, एक शब्द नाही. मला वाटलं विसरली. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मी मात्र विसरलो नाही. जूनमध्ये श्रीकांतकडे अँटेना फिरवायची मोटर दुरुस्त करायला गेलो तेव्हा सहज फीत लावली. टॉवरच्या पायापासून मार्थाच्या स्वयंपाकघराची भिंत सत्तेचाळीस फूट. टॉवर चाळीसचा असता आणि आडवा झाला असता, तर वरची अँटेनाची काठी धरूनही तो तिच्या गुलाबात पडला असता. पन्नासचा पडला तर तिच्या गॅसपाशी. मधला फरक एक सेक्शन. मी फीत गुंडाळली आणि खिशात घातली. खिडकीतून मार्थाने हात हलवला. मीही हलवला. याहून हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि हलकं म्हणजे सोपं नव्हे.

एडची एक पद्धत होती. मोठं वादळ येतंय अशी बातमी आली की आदल्या दिवशी सकाळी तो सगळ्यांना शेडमध्ये उभं करायचा आणि एकेकाला विचारायचा, “तुझ्या पोटात कुठला टॉवर दुखतोय?” कोणी म्हणायचा, त्या चर्चमागचा, त्याचा एक ताण सैल वाटला होता. कोणी म्हणायचा, अमक्या फार्मवरचा, पायाला चीर होती. का, कोणी केलं, काही विचारायचं नाही. नाव आलं की ट्रक निघायचा. ओरडा नाही, हिशेब नाही. तो म्हणायचा, ज्या शेडमध्ये चुकीला शिक्षा असते तिथे माणसं चूक सांगत नाहीत, आणि मग ती चूक वारा सांगतो.

इतक्या वर्षांत माझ्या पोटात कधी काही दुखलं नव्हतं. मी अभिमानाने ‘नन’, म्हणजे एकही नाही, असं म्हणायचो. बाकीचे हसायचे, हा इंडियन झोपतो बरा.

सप्टेंबरात दक्षिणेकडून वादळ वर येत होतं. टीव्हीवर तो गोल-गोल फिरणारा नकाशा. शेडमध्ये माझी पाळी आली.

“तुझ्या पोटात?”

मी म्हटलं, “एक आहे. तुझा नाही. माझा.”

“किती उंच?”

“पन्नास. मोकळा उभा.”

“कागद किती म्हणतो?”

“चाळीस.”

एड माझ्याकडे बघत राहिला. बाकीचे बुटांकडे. मला वाटलं आता हा मला काढून टाकणार. त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून बकेट ट्रकची, म्हणजे माणसाला पाळण्यात बसवून वर नेणाऱ्या ट्रकची, किल्ली काढली, म्हणाला, “त्याच्यावर चढायचं नाही. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यावर चढत नाहीत. बकेटमधून काढू,” आणि गाडीकडे चालायला लागला. मी अजून तिथेच उभा होतो तर वळून म्हणाला, “काय, तुला आमंत्रणपत्रिका हवी?”

श्रीकांत घरूनच काम करत होता. कानात यंत्र लावून दारात आला.

“काका? आज? माझी मीटिंग चाललीये.”

“टॉवर उतरवायला आलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे खाली. सगळा.”

“काका, प्लीज यार. चार महिने उभा आहे, काही झालंय? परवाच मी पुण्याशी बोललो, क्लिअर. वादळ इथे येईपर्यंत नुसता पाऊस राहतो, मी ट्रॅक करतोय. पुढच्या महिन्यात कॉन्टेस्ट आहे माझी.”

“तो टॉवरच चुकीचा लावलाय मी.”

“तुम्हीच म्हणालात ना पन्नास चालेल?”

“म्हणालो. खोटं बोललो.”

त्याने कानातलं यंत्र काढलं. मग त्याचा आवाज चढला. “तुम्हाला माहिती होतं आणि तुम्ही लावला? माझी मुलं खेळतात तिथे! मग आधी का नाही म्हणालात?”

“म्हणालो होतो. चाळीस. दोनदा.”

“मग तिसऱ्यांदा म्हणायचं होतं!”

बरोबर होतं त्याचं. आजही वाटतं, तिसऱ्यांदा म्हणायला काय दात पडले असते? त्याचा मुलगा मागून डोकावला आणि म्हणाला, “डॅड, इज इट गोइंग टु फॉल?” श्रीकांतने त्याच्याकडे बघितलं, मग टॉवरकडे, मग दार सोडून बाजूला झाला. ‘करा’ म्हणाला नाही. पण बाजूला झाला.

सगळं काढायला दुपार झाली. आधी अँटेना, मग मोटर, मग एकेक सेक्शन. हवा अगदी शांत होती, पान हलत नव्हतं. वादळाच्या आधी असंच असतं, आपण मूर्ख दिसावं म्हणून. मार्थाने कुंपणावरून केळ्याचा ब्रेड दिला. एडने तिचे आभार मानले. मी तिच्याशी नजर न मिळवता खाल्ला.

सगळ्यात खालचा जोड एडने उघडला आणि मला हाक मारली. बोल्टचं भोक गोल पाडलेलं असतं. तिथलं एक भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. चार महिने टॉवर जरा-जरा डुलला होता आणि बोल्टने लोखंड कुरतडलं होतं. वादळात नाही. नुसत्या उन्हाळ्यातल्या वाऱ्यात.

एडने पान्हा खाली ठेवला. त्याने श्रीकांतला बोलावलं आणि मीटिंगच्या कपड्यातल्या त्या इंजिनियरला म्हणाला, “बोट घाल.” श्रीकांतने भोकात बोट घातलं आणि फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “काका, वादळ गेलं की चाळीस लावा. नवीन सेक्शन.”

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. आमच्या गल्लीतलं मेपलचं झाड पडलं, वीज दोन दिवस नव्हती. टॉवर असता तर पडला असता का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. या धंद्याची गोची हीच आहे. तुम्ही बरोबर वागलात तर काहीच होत नाही, आणि न झालेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही. पुढच्या महिन्यात मी चाळीस फुटांचा नवा टॉवर लावला. पुणं त्याच्यावरही लागलं, जरा खरखर होती म्हणे. असू दे खरखर. श्रीकांतने सोडलं नाही मला, त्याच्याकडे मी नंतरही जेवलो. आता जेवताना ‘नाही’ म्हणायचा सराव झालाय. पहिल्या वाढपालाच म्हणतो.

एक गोष्ट मात्र राहिली. मार्थाला सांगायची. तिच्या स्वयंपाकघरावर मी चार महिने लोखंड टांगून ठेवलं होतं, आणि तिने मला ब्रेड दिला होता. दरवर्षी ठरवायचो. दरवर्षी काहीतरी निघायचं, आणि नाही निघालं तर मी काढायचो.

कुसुमला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. तिला रिपोर्ट वाचता येत होता, त्यामुळे डॉक्टरांचं काम सोपं झालं आणि माझं अवघड. जानेवारीत एक दिवस मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती एकदम म्हणाली, “त्या मार्थाला जाऊन सांगून या एकदा.”

आठ वर्षांनी. मी दचकलो. “काय सांगू?”

“तुम्हाला माहीत आहे काय ते.”

“आता तिला काय फरक पडतो?”

“तिच्यासाठी नाही म्हणत मी,” कुसुम म्हणाली. “तुमच्यासाठी म्हणते. एकटे राहणार ना आता. पोटात घेऊन राहू नका.”

फेब्रुवारीत ती गेली. मी ऑगस्टमध्ये मार्थाकडे गेलो. सहा महिने लागले, पण गेलो. मार्था आता सत्त्याऐंशीची, काठी घेऊन चालते, डोकं अजून चाकूसारखं. स्वयंपाकघरातच बसवलं तिने मला. मी भिंतीकडे बघितलं, सत्तेचाळीस फूट. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कागद चाळीसचा, लावला पन्नास. पडला असता तर इथे, या टेबलावर. मला माहीत होतं, आणि मी हात हलवून गेलो. आय ॲम सॉरी.

मार्थाने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “मला माहीत आहे.”

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी परत सांगायला लागलो. तिने हात वर केला.

“तुझ्या बायकोने सांगितलं होतं. तुम्ही टॉवर लावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती ती. इथेच बसली होती, या खुर्चीत. म्हणाली, माझ्या नवऱ्याने एक चूक केली आहे, टॉवर दहा फूट जास्त आहे, आणि पडला तर तुमच्या या खोलीपर्यंत येतो.”

मी त्या खुर्चीकडे बघितलं.

“मी म्हटलं, मी आत्ताच नगरपालिकेला फोन करते. ती म्हणाली, तो तुमचा हक्क आहे, नंबर मी लावून देते. पण माझं ऐकाल तर त्याला थोडा वेळ द्या. तो स्वतः काढेल. मी त्याला सांगितलं तर माझ्यासाठी काढेल, आणि पुढच्या वेळी परत करेल. त्याचं त्याला कळलं तर परत कधी करणार नाही.” मार्था थांबली. “मी म्हटलं, आणि तोवर माझं काय? तर ती म्हणाली, तोवर तुमची जबाबदारी माझी. त्या उन्हाळ्यात ज्या-ज्या दिवशी वारा सुटला, त्या दिवशी तिचा हॉस्पिटलमधून फोन यायचा. मार्था, आज पुढच्या खोलीत बस. दोनदा तर स्वतः येऊन मला तुमच्या घरी घेऊन गेली. तू कामावर होतास. मसालेदार काहीतरी खायला घातलं. मी दिवसभर पाणी पीत होते.”

मी विचारलं, “तू का ऐकलंस तिचं?”

“कारण ती एकटीच अशी होती जी मला खरं सांगायला आली,” मार्था म्हणाली. “आणि तू ज्या दिवशी ट्रक घेऊन आलास, त्या दिवशी मी तिला फोन केला. सांगितलं, आलाय तो. ती काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, रडतेय.”

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो होतो ते मला आठवतं. टॉवर उतरवल्याचं मी कुसुमला सांगितलं होतं. ती पोळ्या लाटत होती. “हो का?” एवढंच म्हणाली. पाठ माझ्याकडे होती.

छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्या बाईला एकदाही थँक यू म्हटलेलं नाही. आपल्यात म्हणत नाहीत. इथे पेट्रोल भरणाऱ्याला म्हणतो, बँकेतल्या मुलीला म्हणतो, दार धरणाऱ्या अनोळखी पोराला म्हणतो. एडला शंभरदा म्हटलं. मार्थाच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा म्हणालो, मोठ्याने, मराठीतच, आणि मार्थाला वाटलं मी तिलाच म्हणतोय. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, “यू आर वेलकम.”

मी तिला दुरुस्त केलं नाही. कोणीतरी ते घ्यायला हवंच होतं.